हलव्याचे दागिने, काळी चंद्रकळा आणि २४ तारखेचं हळदीकुंकू

यंदा हळदीकुंकवासाठी दिवस काढणं हेच पहिलं मोठं काम होऊन बसलं. संक्रांत १४ जानेवारीला, रथसप्तमी २५ ला. मधे जेमतेम दीड आठवडा. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी थेट १६ फेब्रुवारीला, त्यामुळे बायका महिनाभर निवांत वाणं लुटत होत्या. सूर्य मकर राशीत शिरला की संक्रांत, तिला तिथीशी देणंघेणं नाही. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमीची, चांद्र पंचांगातली. म्हणून दोन्हींमधलं अंतर दर वर्षी कमीजास्त होतं आणि यंदा ते पार आखडलं होतं. त्यातही १४ लाच षट्‌तिला एकादशी, १५ ला किंक्रांत आणि वर महापालिकेचं मतदान, १८ चा रविवार अमावास्येचा, २२ ला गणेश जयंती. भिंतीवरचं कॅलेंडर काढून सून आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि शनिवार, २४ तारीख नक्की केली.

सुनेची ही पहिली संक्रांत. पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला काळी साडी नेसवायची, हलव्याच्या दागिन्यांनी मढवायची आणि ओळखीपाळखीच्या बायकांना बोलावून हळदीकुंकू करायचं, ही आमच्याकडची रीत. एरवी मंगल कार्यात काळा रंग चालत नाही, संक्रांत तेवढी अपवाद. थंडीत काळं कापड ऊब धरतं म्हणून हा रिवाज पडला असं सांगतात, आणि जानेवारीत नाशिकला राहणाऱ्या कोणालाही ते पटेल. निफाडचा पारा किती उतरला ही त्या दिवसांत रोज सकाळची पहिली बातमी असते.

दागिने बाजारात तयार मिळतात. मेनरोडला जाऊन मी दोन-चार दुकानांत सेट बघितलेही. दिसायला देखणे. पण हातात घेऊन उलटे केले तर हलवा कमी आणि पुठ्ठा जास्त, आणि जो काही हलवा होता तो गोंदाने चिकटवलेला. गोंद लागलेला हलवा खायचा कसा? माझ्या मते तिथेच त्या दागिन्यातला जीव जातो. सोन्याचा दागिना तिजोरीत जातो, हलव्याचा दागिना अंगावरून उतरला की पोराबाळांच्या तोंडात गेला पाहिजे. चार तासांसाठी घातलेला आणि मग सगळ्यांनी मिळून खाल्लेला दागिना दुसऱ्या कुठल्या सणाला आहे?

मग आईला फोन केला.

आई सिन्नरला भावाकडे असते. ऐंशी ओलांडली, पण हात अजून स्थिर. आमच्या वाड्यातल्या सगळ्या लेकीसुनांचे पहिल्या संक्रांतीचे दागिने तिच्या हातचे. माझेही. वडील गेल्यानंतरही ती हलवा करत राहिली, दागिने ओवत राहिली, फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी पुढच्या खोलीत यायची बंद झाली. कोणी तिला तसं तोंडावर सांगितलं नव्हतं. न सांगताच तसं होत गेलं आणि तिनेही ते बिनबोभाट मान्य केलं. बाहेर नवरीच्या गळ्यातल्या तन्मणीचं कौतुक चाललेलं असायचं आणि तो तन्मणी करणारी आत तिळगुळाच्या पुड्या बांधत बसलेली असायची. हे मला वर्षानुवर्षं खुपत होतं. यंदा हळदीकुंकू माझ्या घरचं होतं.

"आई, डिसेंबरच्या मध्याला इकडे राहायला ये. नातसुनेला हलवा शिकव. आणि हळदीकुंकू झाल्याशिवाय परत जायचं नाही."

"हलवा शिकवते. पण हळदीकुंकवात माझं काय काम गं?"

"ते बघू नंतर. आधी परात कुठली लागेल ते सांग."

परात पितळी, जाड बुडाची, आतून कल्हई केलेली, असं फर्मान आलं. माळ्यावर लग्नातली परात होतीच, तिला कल्हई करून आणली. आई पूर्वी शेगडीवर निखारे ठेवून हलवा करायची. आम्ही गॅसवर लोखंडी तवा ठेवला, त्यावर परात, आणि आच अगदी बारीक, विझेल की काय इतकी. परात तापलेली हवी पण तिच्यात हात सहज फिरवता आला पाहिजे. हलवा चमच्याने होत नाही, बोटांनीच होतो.

आत काय घालायचं हे दागिना ठरवतो, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलं नव्हतं. खसखशीवर चढवलेला हलवा बारीक, म्हणजे ठुशीसाठी, नथीसाठी. तिळावरचा मध्यम, माळांसाठी. साबुदाण्यावरचा गोल गरगरीत, तो बांगड्या आणि कंबरपट्ट्याला. खरबुजाच्या बिया चपट्या, त्यांच्या पाकळ्या होतात. आणि लवंगेवरचा हलवा लांबट, तो कानाच्या लोलकाला. आईने पाच वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीत हाताने निवडून बी भरलं. तीळ निवडताना एकही फुटका दाणा घेतला नाही. "फुटक्या तिळाचा हलवा वाकडा होतो," एवढंच म्हणाली.

पाक असा: दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळी फुटली की चमचाभर दूध. दुधाबरोबर साखरेची सगळी मळी वर येते, ती काढून टाकायची आणि पाक पातळ फडक्यातून गाळून घ्यायचा. हलवा दुधासारखा पांढरा होतो की पिवळट, ते इथेच ठरतं. मग पाक पुन्हा आचेवर, एकतारीच्या किंचित अलीकडे उतरवायचा. परातीत बी कोमट करायचं, त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि लगेच बोटांनी दाणे फिरवायला लागायचं. चमचाभरच. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना धरतात आणि ढेप होते.

सून पहिल्या सकाळी दाणे चोळायला लागली तर आईने तिचा हात धरला. "चोळू नको बाळा. चोळलंस तर गुळगुळीत होईल, काटा येणार नाही. नुसते उलटेपालटे कर, एकमेकांवर पडू देत." तिने स्वतः हात घातला. बोटं जुळवून तळातून दाणे वर उचलायचे आणि सांडू द्यायचे, परत उचलायचे आणि सांडू द्यायचे. ओले असताना आवाज जड येतो. पाक सुकत आला की परातीवर खुळखुळ वाजायला लागतं. तो आवाज आला की पुढचा चमचा. आई बघतसुद्धा नव्हती परातीकडे, आवाजावरच चालली होती. मधे माझ्याशी सिन्नरच्या गप्पा, आणि आवाज बदलला की हात आपसूक पाकाच्या भांड्याकडे.

सुनेचं ऑफिसचं काम घरूनच, दहाला सुरू व्हायचं. त्यामुळे आम्ही सकाळी लवकर, खिडक्या उघड्या टाकून, गार हवेत परात मांडायचो आणि तिला लॉगिन करायची वेळ झाली की हलवा कागदावर पसरून डब्यात भरायचो. दुसऱ्या दिवशी तेच दाणे परत परातीत. सुरुवातीला नुसता पांढरा थर चढत जातो आणि दाणे साधेच दिसतात. सुनेचा धीर सुटायला लागला होता. मग एका सकाळी, चांगली कडाक्याची थंडी होती, तिळाच्या दाण्यांवर बारीक खरखर दिसायला लागली. दोन-तीन चमचे झाल्यावर ती खरखर टोकदार झाली. प्रत्येक दाणा अंगभर काट्यांचा. सून परातीवर वाकून फोटो काढत होती आणि आई म्हणत होती, "फोटो मग काढ, हात थांबवू नको."

काटा थंडीतच का येतो, याचं कारण हवेत आहे. पाकातलं पाणी गार कोरड्या हवेत पटकन उडतं आणि साखरेचे बारीक स्फटिक सुटे होऊन दाण्यावरच्या खडबडीत जागी बसतात. पुढचा पाकही त्यांच्यावरच सुकतो आणि टोकं वाढत जातात. हवा दमट असेल तर पाक सुकतच नाही, दाणे चिकट राहतात आणि आधीचे काटेसुद्धा विरघळायला लागतात. मधे आभाळ आलं तेव्हा आईने सरळ काम बंद ठेवलं. डबा घट्ट लावून, पाण्याने भरलेल्या ताटात ठेवला. पाणी मुंग्यांसाठी.

रंग घालायचा का, यावर थोडी चर्चा झाली. बाजारात गुलाबी, पिवळा, हिरवा हलवा मिळतो. आम्ही सगळा पांढरा ठेवला, फक्त साबुदाण्याच्या थोड्या दाण्यांना शेवटच्या काही चमच्यांत केशराचं पाणी दिलं, मंगळसूत्राच्या वाट्यांसाठी. काळ्या साडीवर पांढरा हलवाच उठून दिसतो, हे माझं ठाम मत आहे.

साडीसाठी येवल्याला गेलो. नाशिकहून ८० किलोमीटरच्या आसपास. जानेवारीतलं येवलं म्हणजे दोन गोष्टी एकदम, गल्लीगल्लीत हातमाग आणि गच्चीगच्चीवर पतंग. संक्रांतीला तिथे भोगीपासून तीन दिवस पतंगांचं राज्य असतं, बायका-पोरं सगळी गच्चीवर, आणि मांजा गुंडाळायला लाकडी आसारी. आम्ही संक्रांतीच्या आधी गेलो होतो तरी दुकानांबाहेर पतंगांच्या थप्प्या लागलेल्या होत्या.

पैठणी मूळची पैठणची, पण आज तिचे माग मोठ्या संख्येने येवल्यात आहेत. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. काळी चंद्रकळा हा तिच्यातला जुना रंग, काळं अंग आणि लाल काठ. आम्ही एका विणकराच्या घरी बसलो होतो. घराच्या पुढच्या खोलीत माग, विणणारा पाय खाली सोडून बसलेला, आणि पदराच्या ठिकाणी रंगीत रेशमाच्या तिल्ल्या लोंबकळत होत्या. एका मुनियेच्या, म्हणजे छोट्या पोपटाच्या, चोचीसाठी लाल तिल्ली उचलायची, धागे मोजून आत घालायची, शेजारच्या हिरव्या धाग्यात अडकवायची, खाली सोडायची. सगळं मोजणीवर. त्याने पदर उलटा करून दाखवला, उलट बाजूलाही तीच मुनिया, तितकीच स्वच्छ, कुठे सुटा धागा नाही. हातमागाची पैठणी ओळखायची ती अशी. यंत्रमागाच्या साडीला मागून धाग्यांचं जाळं असतं.

सुनेने भरगच्च पदर घेतला नाही. तिने काळ्या अंगावर विरळ जरीबुट्टी, नारळी काठ आणि पदरावर मुनियांची एकच ओळ असलेली साडी निवडली. मला तिची निवड फार आवडली. हलव्याचा दागिना घालायचा तर साडीने गप्प राहायला हवं. भरजरी पदरावर पांढरे काटेरी दाणे हरवून जातात. ब्लाउज तिच्या माहेरच्या खणाचा. ती बेळगावची, तिच्या रुखवतात गुळेदगुड्डचे खण आले होते. त्यातला लाल, बारीक नक्षीचा खण काढला आणि पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवला. थंडीत उघड्या दंडांनी कुडकुडत बसण्यापेक्षा हे बरं, आणि बाजूबंद कापडावर सरकत नाही हा आणखी एक फायदा.

दागिन्यांना आम्ही संक्रांतीनंतर बसलो. हलवा सुईने ओवता येत नाही, भोक पाडायला गेलं की दाणा फुटतो. तो दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. पांढरा सुती दोरा दुपदरी घ्यायचा, दोन पदरांमधे दाणा धरायचा, गाठ मारायची आणि हळूच ओढायची. गाठ काट्यांमधे जाऊन बसते. म्हणजे तो काटा शोभेचा तर असतोच, शिवाय दोरा धरूनही ठेवतो. गुळगुळीत दाण्यावरून गाठ घसरते. आईने हे करून दाखवलं तेव्हा मला तिचं ते "चोळू नको" नव्याने समजलं.

कुडी सगळ्यात सोपी, मधे एक दाणा आणि भोवती सहा. सुनेने पहिल्यांदा तीच केली. मग चिंचपेटी, कापडी पट्टीवर साबुदाण्याच्या हलव्याच्या दाट ओळी, प्रत्येक दाणा दोऱ्याने टाचलेला. मंगळसूत्राला खरे काळे मणी आणि मधे मधे तिळाचा हलवा, खाली केशरी दाण्यांच्या दोन वाट्या. बांगड्यांना आत जाड कागदाची कडी करून त्यावर दोऱ्यात गाठवलेली माळ गुंडाळली. नथीला बारीक तांब्याची तार लागली, तेवढी एक धातूची गोष्ट. कंबरपट्टा खूप वेळखाऊ, त्यात आम्ही तिघी लागलो आणि शेजारच्या काकूही येऊन बसल्या. मुलासाठी एक हार आणि श्रीफळ केलं, म्हणजे नारळावर हलव्याच्या माळा. मनगटी घड्याळ पण करा असा त्याचा आग्रह होता, तेही झालं.

तन्मणी आईने एकटीने केला. खोडासाठी, म्हणजे मधल्या पदकासाठी, खरबुजाच्या बियांच्या पाकळ्या, मधे लवंगेचे दाणे, वर खसखशीच्या हलव्याच्या पाच सरी. सर बांधताना ती दोरा दातात धरते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तो झाल्यावर सुनेने तसाच आणखी एक करायला घेतला. आईने विचारलं, हा कोणाचा? "हा तुमचा, आजी." आई काही बोलली नाही. पण त्या दुसऱ्या तन्मण्यातली एक सर सैल झाली होती ती तिने सोडवून परत बांधून दिली.

निमंत्रणाच्या मेसेजमधे मी एक ओळ घातली होती: "हळदीकुंकू सगळ्यांसाठी आहे, घरातल्या सगळ्या बायकांनी यावं. आई, सासूबाई, आत्या, मावशी, ज्या एरवी येत नाहीत त्यांनी जरूर यावं." एका नातलग बाईंचा फोन आला, असं कसं चालेल, नव्या नवरीचं पहिलं हळदीकुंकू आहे. मी त्यांना हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मधे तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एक गाव अख्खं ग्रामसभेत हात वर करून हे ठरवतं, मग मला माझ्या दिवाणखान्यापुरतं ठरवायला काय हरकत आहे? त्या बाई पटल्या असं म्हणणार नाही. पण त्या आल्या, आणि त्यांच्या जाऊबाईंना घेऊन आल्या, ज्यांना मी कधीच कोणाच्या हळदीकुंकवात पाहिलं नव्हतं.

घराची सजावट झटपट झाली. फुगे आणि थर्माकोल नको एवढं नक्की होतं. येवल्याहून आणलेले पतंग भिंतीवर तिरके लावले, दोन आसाऱ्या दाराशी. सुगडं मातीचीच, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, त्यात गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची करवं, शेंगा आणि तिळगूळ. भोगीची आणि संक्रांतीची पूजा आधी झालेली होती, ही मांडणी शोभेची. उंबऱ्यात गुलाबदाणी आणि अत्तरदाणी, ती आजेसासूबाईंची.

खाण्याचं मात्र मी मनावर घेतलं होतं. हळदीकुंकवाला हल्ली बाहेरून सामोसे आणि वेफर्सची पाकिटं येतात, ते मला पटत नाही. जानेवारीत शेतात जे असतं ते ताटलीत असावं. म्हणून बाजरीचे तीळ लावलेले वडे, त्याबरोबर लसणीची चटणी आणि घट्ट दही. मटारच्या करंज्या. सोलाण्याची कोरडी उसळ. पिंपळगाव बसवंतची द्राक्षं. हंगामातली पहिली होती, थोडी आंबट, पण नाशिककरांच्या घरात जानेवारीत द्राक्षं नसतील तर कुठे असतील? कडाक्याची थंडी हलव्याला चांगली, द्राक्षबागेला नाही. आमच्या ओळखीचे बागायतदार त्या दिवसांत पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसलेले असतात. ज्यांच्याकडून पेटी आणली त्यांचेही डोळे जागरणाने तांबडे झाले होते.

गूळपोळी संक्रांतीच्या दिवशी होऊ शकली नव्हती, आईची एकादशी. दुसऱ्या दिवशी केली तीच सरावाची ठरली. हळदीकुंकवाला पुरीएवढ्या छोट्या पोळ्या केल्या. गूळ किसून, त्यात भाजलेल्या तिळाचं आणि खसखशीचं कूट, तुपात खमंग भाजलेलं थोडं डाळीचं पीठ, जायफळ. हे सारण रात्रीच मळून ठेवायचं. कणकेच्या दोन पाऱ्यांमधे सारणाची चपटी गोळी ठेवून कडा दाबायच्या आणि लाटताना सारण काठापर्यंत गेलं पाहिजे. काठ रिकामा राहिला तर मधलं सारण फुटून तव्यावर जळतं. गूळपोळी गार चांगली लागते, त्यामुळे आदल्या दिवशी करून ठेवता येते. यजमानीणबाईला मोकळं ठेवणारा यासारखा पदार्थ नाही.

वाण म्हणून छोटे बटवे दिले. शिंप्याकडे खणाचे आणि काठांचे तुकडे उरतात, ते गोळा केले आणि कॉलनीतल्या बचत गटाच्या बायकांकडून शिवून घेतले. नथ ठेवता येईल एवढा एक बटवा, आत तिळाची वडी आणि थोडा घरचा हलवा. प्लॅस्टिकचा डबा घरोघरी पडूनच असतो, बटवा पर्समधे जातो.

२४ ला दुपारी सुनेला नेसवायला बसलो. हलवा घालायचा शेवटी, अगदी पाहुण्या यायच्या आधी. अंगाची ऊब लागली की तो ओलसर होतो. ठुशी गळ्याला थेट टेकू नये म्हणून आईने तिला आतून पातळ रेशमी पट्टी लावली होती. कुड्या, नथ, चिंचपेटी, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, अंबाड्यावर हलव्याची वेणी. काळ्या साडीवर तो पांढरा खरखरीत साज असा काही उठला की आम्ही दोघी बघतच राहिलो.

आणि मग सून आईसमोर दुसरा तन्मणी घेऊन उभी राहिली. "आजी, तुम्ही घातल्याशिवाय मी बाहेर जाणार नाही." आईने तिची काळी इरकल नेसलेली होती, डोक्यावर पदर. जरा वेळ गेला. मग तिने पदर खाली घेतला आणि मान पुढे केली. सुनेने तिला तन्मणी बांधला, हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाकून नमस्कार केला. पहिलं हळदीकुंकू आईला झालं, मग बाकीच्यांना.

संध्याकाळी घर भरून गेलं. लहान मुली सुनेभोवती जमून कुठला दागिना कोणी खायचा याची वाटणी करत होत्या. उखाण्याची फर्माईश झाली तेव्हा सुनेने स्वतः जुळवलेला घेतला: "तिळावर चढवला पाक, तेव्हा आला काटा, …रावांच्या संसारात सुखदुःखाचा सारखा वाटा." टाळ्या पडल्या. मग कोणीतरी आईला म्हणालं, आजी, तुम्ही पण घ्या. मला वाटलं ती हसून टाळेल. पण ती खुर्चीत सरळ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गोंदेश्वराच्या देवळात दगडावर नक्षी, …रावांचं नाव घेते, तुम्ही सगळ्या साक्षी." सिन्नरचं गोंदेश्वर, वडिलांची रोजची फेरी तिथवर असायची. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून वडिलांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्या जाऊबाईंनीही मग उखाणा घेतला, आणि त्यांच्यानंतर आणखी दोघींनी.

रात्री दागिने उतरवले आणि मुलींच्या ओंजळीत दिले. कंबरपट्टा त्या दोऱ्यासकट चघळत होत्या. उरलेला सुटा हलवा बरणीत होता, तो दुसऱ्या दिवशी रथसप्तमीला खालच्या मजल्यावरच्या बाळाच्या बोरन्हाणाला गेला, बोरं, चुरमुरे, हरभरे आणि उसाच्या तुकड्यांबरोबर.

आता कॉलनीतल्या पाच-सहा जणींनी हलवा शिकायला येते म्हणून नावं दिली आहेत. पुढच्या वर्षी रथसप्तमी फेब्रुवारीत आहे, घाई नाही. आई म्हणते, एवढ्या जणी असतील तर एका परातीवर भागायचं नाही, तीन तरी लागतील, आणि सगळ्यांना एकाच वेळी पाक पुरवायला एक जण वेगळी हवी. ते काम सुनेने स्वतःकडे घेतलंय. कल्हईवाल्याला नोव्हेंबरातच गाठायला हवं, कारण डिसेंबरात तो हाती लागत नाही.